साडीवर बूट

दौंडच्या ऑफिसात होते तवाची गोष्ट सांगते. दिवसभर खुर्चीत बसून माझी साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, जेवल्यावर रोज चाला. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी साडीवर बूट घालून आवारात फेऱ्या मारायला लागले. खिडकीतून सगळे हसायचे. एक दिवस साहेबांनी बोलावलं.

"बाई, हे बरं दिसत नाही. उद्यापासून बंद करा."

"साहेब, सुट्टी माझी हाय आन् पायबी माझेच हायत."

घरी जाऊन रडले, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी बूट घातले आन् आधी साहेबांच्याच दारात उभी राहिले.

"चालायला निघालेय. तुमचंबी पोट सुटलंय, येताय का?"

साहेबांनी गुपचूप शर्ट खाली ओढला. मला परत कुणी अडवलं न्हाई.