दुसरे हात

ताई : ये, असा जवळ ये. दारात पाहुण्यासारखा काय उभा राहिलास? ओढ ते स्टूल. भाजी निवडता निवडता तुला एक गोष्ट सांगते. गोष्ट झकास आहे, शेवट तेवढा मलाही ठाऊक नाही.

धाकटा : ताई, गोष्टी ऐकायला नाही आलो. दाजी कुठायत?

ताई : मागे, सायकल उघडून बसलेत. साखळी बसवतात, मग म्हणतात खात्री वाटत नाही, की पुन्हा उघडतात. आपली सायकल बिचारी धडधाकट आहे रे. बिघडलंय दुसरंच काही.

धाकटा : उद्या विमान अपघाताची चौकशी आहे. वकील म्हणतात, दाजींनी दोनच वाक्यं बोलायची. 'इंजिनाच्या झाकणाच्या कड्या लावायला मी विसरलो. दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा कंपनीचा नियम होता, तो मी पाळला नाही.' बस्स.

ताई : पहिलं वाक्य त्यांचंच आहे. त्याच दिवशी मला सांगितलं आणि भरलं ताट सरकवून उठले. दुसरं कुणाचं?

धाकटा : वकिलांनी लिहून दिलंय.

ताई : मग गोष्ट ऐकच. आपले अण्णा देवळात कथेला उभे राहायचे, तेव्हा तू पहिल्या रांगेत मांडी घालून बसायचास. कथेतला राजा चुकला, की तुझ्या डोळ्यांना धार लागायची.

धाकटा : राजासाठी नाही काही. भूक लागायची म्हणून.

ताई : खोटं तुला तेव्हाही बोलता येत नव्हतं. तर, एक होता माणूस. आईचं शेंडेफळ, डोक्यानं तल्लख. बुडायला आलेल्या कंपन्या मातीमोल भावात घ्यायचा, सावरायचा आणि चढ्या भावानं विकायचा. लोक म्हणायचे, हा तिरडीवरचा माणूस उठवून चालवतो.

धाकटा : आणि कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या त्यानं. तेही घाल गोष्टीत.

ताई : घातलं. खरं ते घालायलाच हवं. मग त्यानं एक लहानशी विमान कंपनी घेतली. आपल्याच मेव्हण्याला तिथं मेकॅनिक म्हणून आणलं. तिथल्या हँगरमध्ये एक जुनी रीत होती. इंजिनाचं झाकण बंद केलं, की बंद करणारा हाक मारायचा...

धाकटा : 'दुसरे हात!'

ताई : अगदी. मग ज्यानं त्या कामाला बोटसुद्धा लावलेलं नाही असा कुणीतरी यायचा, फरशीवर उताणा व्हायचा आणि खालून एकेक कडी ओढून बघायचा. कड्या इंजिनाच्या पोटाशी, उभ्या माणसाला दिसायच्याच नाहीत. तो येईस्तोवर विमान जागचं हलायचं नाही. आपला माणूस आला. त्यानं हे बघितलं...

धाकटा : उभं विमान मालकाला खातं, ताई! ते थांबवलं नसतं तर कंपनी तेव्हाच झोपली असती.

ताई : झोपली असती. मी कुठं नाही म्हणते? पण त्यानं फर्मावलं, जो लावेल त्यानंच दोनदा बघायचं.

धाकटा : कुणी ब्र काढला नाही. दाजी तर हसले होते.

(मागच्या दारातून मेकॅनिक आत येतो. हात ग्रीसनं काळे.)

मेकॅनिक : हसलो होतो. 'मेव्हणे, बरं झालं, फरशीवर लोळण घ्यायचं वाचलं,' असंही म्हणालो. मालक घरचा, तोंड कशाला वाईट करा? त्या दिवशी झाकण खाली ओढलं आणि कुणीतरी दुसऱ्या विमानाकडे बोलावलं. परत आलो, तर झाकण बंद दिसलं. मनानं कड्या कधीच लावून टाकल्या होत्या. दुसऱ्यांदा बघितलं, तरी डोळे माझेच ना!

धाकटा : म्हणजे चूक तुमचीच, दाजी.

मेकॅनिक : माझीच. उद्या मान खाली घालून सांगणार आहे. पण 'नियम होता' हे नाही म्हणणार.

धाकटा : पुढच्या आठवड्यात कंपनी विकली जातेय. तपासणी मालकानंच बंद केली हे कळलं, तर घेणारे उठून जातील. सगळेच उघड्यावर पडतील. तुम्हाला मी वाऱ्यावर सोडीन का?

ताई : मोठे उपकार. ऐक पुढं. विमान वर गेलं, झाकण फाटलं, पंखावर आदळलं. पायलटनं कसंबसं माघारी आणलं, पण उतरताना दणका बसला. सगळे पट्टे बांधून होते, एकजण सोडून.

धाकटा : ताई, पुरे.

ताई : एका म्हाताऱ्याला पट्टा लावता येईना. तो लावायला हवाईसुंदरी उठली होती. म्हाताऱ्याला खरचटलंदेखील नाही. ती मात्र आता पायांवर उभी राहायची नाही. आपला माणूस फुलं घेऊन तिला भेटायला गेला. इथवरच मला ठाऊक आहे. तिथून आल्यापासून तो ना धड जेवतो, ना कुणाच्या नजरेला नजर देतो. काय झालं रे तिथं?

धाकटा : काही नाही.

ताई : पहिल्या रांगेतला ना तू?

धाकटा : ...रागावली असती तर बरं झालं असतं. उलट मलाच म्हणाली, खुर्ची घ्या. मग म्हणाली, 'साहेब, माझ्या मैत्रिणी अजून त्याच विमानांतून उडतात. आता झाकणं दोघं बघतात ना?'

मेकॅनिक : मग?

धाकटा : मी 'हो' म्हणालो.

मेकॅनिक : मेव्हणे! माझ्या जागी ठेवलेला माणूस एकटाच बघतोय अजून.

धाकटा : ठाऊक आहे. 'हुश्श' केलं तिनं, आणि डोळे मिटले. फुलं तिच्या उशाशी ठेवायला माझा हात पुढं होईना. तशीच घेऊन परत आलो. गाडीत सुकलीयेत.

मेकॅनिक : आणि उद्या सकाळचं विमान?

धाकटा : तसंच सुटणार.

ताई : फोन कर.

धाकटा : विमान अडवलं तर कारण द्यावं लागेल. कारण दिलं की विक्री गेली. लोक तोंडात शेण घालतील, ताई.

ताई : घालतील. अण्णा म्हणायचे, देवापुढं मान वाकवायला लाज वाटत नाही, माणसापुढं वाकवायला वाटते. म्हणून तर देव आपल्याला माणसाच्या दारात धाडतो. तो बघ फोन, तुझ्या खिशातच आहे.

धाकटा : ...हॅलो. हो, मीच. उद्याचं पहिलं विमान सोडू नका. कुठलंच सोडू नका, आधी दुसरे हात. हो, जुनी रीत. ...कोण विचारेल त्याला सांगा, मालकानंच बंद केली होती. हो, असंच सांगा, याच शब्दांत.

मेकॅनिक : मेव्हणे, जरा मागे येता? साखळी बसवलीय, पण माझाच माझ्यावर भरवसा उरला नाही. एकदा ओढून बघा.

धाकटा : मला काय कळतंय त्यातलं?

मेकॅनिक : तुम्ही साखळीला हात लावलेला नाही. आज मला तेवढं पुरे.

धाकटा : चला. ...ताई, गोष्टीचा शेवट राहिला.

ताई : तो उद्या तुझ्या तोंडून. शपथ घेताना वकील डोळ्यांनी खुणावेल. तेव्हा माझी आठवण काढू नकोस, अण्णांचीही नको. तिची काढ. तुझ्या एका 'हो'वर ती निवांत निजलीय रे.