जिन्यातल्या जावा

दिग्दर्शिका : थोरल्या काकू, चेहरा जरा गंभीर ठेवा ना. वादळानं शहर उद्ध्वस्त केलं, त्यावरचा माहितीपट आहे हा.

थोरली : गंभीरच आहे गं. कवळी नवी आहे, ओठ मिटत नाहीत, त्याला मी काय करू?

धाकटी : जुनी वादळात गेली. छप्पर उडाल्याचं काही नाही, कवळीसाठी मात्र आठवडाभर रडत होत्या.

थोरली : छप्पर नसलं तरी चावता येतं.

दिग्दर्शिका : बरं, त्या दुपारी काय झालं? तुम्ही दोघी जावा एकाच घरात राहत होता…

धाकटी : ह्या वर, मी खाली. बोलत मात्र नव्हतो. दोघींचे नवरे गेले, अबोला काही गेला नाही.

दिग्दर्शिका : एवढं काय झालं होतं?

धाकटी : ह्यांनी वरून सतरंजी झटकली. माझ्या धुतलेल्या चादरींवर!

थोरली : धूळ वाऱ्यानं गेली.

धाकटी : बघा! अजून वाऱ्यावरच ढकलतायत.

थोरली : मग खरंच वारा आला. माझे पत्रे गेले, डोक्यावर नुसतं आभाळ. खाली जावं, तर हिच्याकडे कमरेएवढं पाणी.

धाकटी : ह्या खाली निघाल्या, मी वर. जिन्यात गाठ पडली.

दिग्दर्शिका : आधी कोण बोललं?

धाकटी : ह्याच. "मांजर कुठाय?"

थोरली : मांजरीशी माझं भांडण नव्हतं.

धाकटी : ती माझ्या पदरात होती. वारा पडेपर्यंत एका पायरीवर तिघी. पायरी एवढीशी, आणि जाऊबाईंचा हा पसारा!

थोरली : त्या पसाऱ्यालाच मिठी मारून बसली होतीस. सोडवता सोडवेना.

धाकटी : बाई, हे कापून टाका हं.

दिग्दर्शिका : आणि आता? घरावर अजून ताडपत्रीच आहे.

थोरली : मुलगा बोलावतोय, कायमचं. तिकीटही काढलं होतं त्यानं.

धाकटी : कधी? मला बोलला नाहीत ते!

थोरली : रद्द करायला लावलं, मग सांगायचं काय?

(धाकटी थोरलीकडे वळते. कॅमेरा चालूच.)

दिग्दर्शिका : मुलाला काय सांगितलंत, काकू?

थोरली : म्हटलं, माझ्या जावेला वाऱ्याची भीती वाटते. एकटीला सोडता येत नाही.

धाकटी : मला? मला कुठे भीती वाटते?

थोरली : नाही वाटत. पण त्याला दुसरं काय सांगणार होते?