ती जिवंत आहे, हलवू नका

...नाही, मला एक सांगा, वाकोल्यात राहणाऱ्या माणसाला कोणी 'बाटली हलवू नकोस' असं सांगतं का? अहो, आमच्या डोक्यावरून विमानं जातात! विमान आलं की मांडणीवरचे पेले नाचतात, बोलणं अर्ध्यावर राहतं, आणि तो जयवंत मला म्हणतो, "बाळा, हलवायची नाही. ती जिवंत आहे."

जयवंत म्हणजे माझा दोस्त. अंधेरीच्या कारखान्यात दोघं एकाच मशीनवर होतो. त्याने नोकरी सोडली, दिंडोरीकडे सासऱ्याच्या माळावर काळी द्राक्षं लावली आणि वाइन करायला बसला. लोक कांदा लावतात हो तिथे! पण नाही. "ही माती साधी नाही यार, ज्वालामुखीची आहे. लाव्हा थिजून झालेला काळा खडक. मी वाइनमध्ये काही घालत नाही, साखर नाही, औषध नाही. जिभेला खडक लागला पाहिजे." म्हटलं, जिभेला दगडच लागायचा तर रेशनचा तांदूळ काय वाईट आहे?

तर त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्या वर्षीच्या बाटल्या उन्हाने फसफसून फुटल्या. उरली एक. ती घेऊन आला माझ्याकडे. "तुझी खोली तळमजल्याची, कॉटखाली गारवा असतो. वर्षभर आडवी ठेव, मग दोघं मिळून उघडू. चांगली निघाली तर मळा ठेवतो, नाहीतर द्राक्षं उपटतो आणि परत मशीनवर येतो."

आता दोस्ताचा मळा माझ्या कॉटखाली! एका बाजूला आईच्या गावच्या, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला ही. वर्षभर माझी काय वाट लागली तुम्हाला सांगतो... मे महिन्यात टेबलफॅन कॉटखाली, मी वर घामाघूम. विमान आलं की मी जमिनीवर पालथा, बाटली धरून. बायको, शुभा, म्हणायची, "माझ्या बाळंतपणात इतकं बघितलं नाहीत." म्हटलं, ती जिवंत आहे ना.

आणि जयवंत संध्याकाळी येणार, त्या रविवारी दुपारी जेवायला बसलो. बांगडे, भात, सोलकढी. कढीचा एक घोट घेतला... तुरट! रंगही जांभळट. म्हटलं, आई, आगळ नासलंय, आणि वाटी उचलून मोरीत ओतली. आई मात्र दोन वाट्या प्याली आणि जी आडवी झाली, विमानं गेली तरी उठली नाही.

संध्याकाळी जयवंत आला. इस्त्रीचा शर्ट, पेपरात गुंडाळलेले दोन काचेचे ग्लास. मी कॉटखाली हात घातला... आगळ, आगळ, आगळ. बाटली कुठाय? बाटली ओट्यावर. रिकामी. आत बूच.

"माका काय ठाऊक?" आई डोळे चोळत म्हणाली. "लाल पाणी, आंबट वास, बाटलेक लेबल नाय. आगळ समजान कढीत घातलंय. बूच निघाक नाय, म्हणान उलतन्याच्या दांड्यान आत ढकललंय."

जयवंत खाली बसला. त्याने रिकामी बाटली नाकाशी धरली. मग हळूच विचारलं, "काकी, लागली कशी?"

"मीठ नाय होता."

त्याचं तोंड बघवेना हो. वर्षभर मी शिव्या घातल्या त्या बाटलीला, पण मनापासून वाईट वाटलं. तो माझ्याकडे वळला. "बाळा, तू प्यालास? तुला कशी लागली?" आता काय सांगू, मोरीला विचार? म्हटलं, "खडक, यार. जिभेला नुसता खडक."

माणूस गळ्यात पडून रडला. म्हणाला, "मळा ठेवतो. तुझ्यासारखी जीभ नाही रे कोणाची. यंदाच्या सगळ्या बाटल्या तुझ्याकडेच ठेवणार."

आल्या. कॉटखाली मावल्या नाहीत, म्हणून कॉटवर ठेवल्यात, वर फॅन लावून. त्या जिवंत आहेत. आम्ही खाली फरशीवर झोपतो, आडवे, न हलता.