गेलिकचा पहिला वर्ग

साउथलंडमध्ये स्थायिक झालेल्या स्कॉटिश लोकांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गेलिक या त्यांच्या पूर्वजांच्या भाषेचा पहिला वर्ग सुटला आणि चिटणीस उना किटलीतून चहा ओतू लागली. रांगेत पुढेच एफी आणि तिचा शेजारी मर्डो उभे होते.

“काय गं एफी, वर्गात तोंड उघडलं नाहीस? तुझी आई तर थेट लुईस बेटावरची, गेलिक बोलतच वाढलेली!”

“तिच्यासाठीच तर हा वर्ग हवा होता रे.”

“आणि ती महिनाभर आधीच गेली.”

“तिनं दोनदा सोसायटीला विचारलं होतं, मी शिकवते म्हणून. फुकट.”

“मग?”

“आधी हॉलचं छप्पर होऊ दे, म्हणाले.”

उनानं मान वर केली नाही. ती कप भरत राहिली.

“छप्पर झालंय मात्र झकास.”

“झालंय खरं.”

“पण तुझ्या बाबांना गेलिक येत नव्हती, तुम्हा पोरांनाही नाही. मग म्हातारी बोलायची कुणाशी?”

“गाईंशी. रोज धार काढताना. माहेरचं, मनातलं, सगळं त्यांना सांगायची. आम्ही दाराआडून हसायचो.”

“म्हणजे तुझ्या कानावर पडलंय की! थोडी तरी येत असेल.”

“येते ना. हाक मारली तर गाय जवळ येईल, एवढी.”