जुवाखालचा पाळणा

गेनबा : “गेनबा, जुवावर पाय दिऊ नगंस. आन जू कधी जाळू नगंस, जीव जायाच्या वक्ताला आडून बसतंय ते.” बाप माजा आसं सांगायचा, ज्योतीराम. मी येवढासा व्हतो, नांगरामागं पळायचो. आजून कानात हाय त्यो आवाज. ठिव ती करवत खाली.

ज्योतीराम : जाळतंय कोण, गेनबाभाऊ? पाळणा टांगायला वर आडवं लाकूड पाहिजे. तुमचं आढं वाळवीनं खाल्लंय, त्याला पाळणा बांधला तर छप्परच खाली यायचं. दोन मेढी रोवायच्या, वर जू टाकायचं. माजघर अरुंद आहे, म्हणून हातभर कापतोय, बस्स.

गेनबा : हातभर कापल्यालं जू बैलांच्या मानंवर बसतं का? सकाळी धड गाडी व्हती ह्या अंगनात. कुनाला इचारून मोडली?

ज्योतीराम : वहिनींनी सांगितलं, मी मोडली. फळ्यांचं बाकडं झालंय बघा. चाकाच्या आऱ्यांचे पाय केलेत. सहा माणसं बसली तरी कुरकुरणार नाही.

गेनबा : गाडी बसायला नसती. चालायला आसती.

गवराबाई : चालायला रस्ता कुटं हाय तिला? आन जीव जायाचं काय सांगताय? हितं जीव यायचाय. आत शालन आडवी पडलीय, पयली खेप, दिस भरत आलेत. बारशाला व्याही येतील. त्यांला काय तुमच्या रागावर बसवू?

गेनबा : पाळना बाजारात मिळतो.

गवराबाई : बाजार आपल्या मामाचा हाय जनू! मोटंचा नाडा पडून व्हता, त्याची बाज इनली. गोनपाटाची बसकरं शिवली. सासूबाईंच्या लुगड्यांची वाकाळ झाली. घरात जे जे मुकं पडलं व्हतं, त्याला कामाला लावलं मी. तुमीच तेवढं ऱ्हायलाय.

ज्योतीराम : हळू, वहिनी. माणूस दमून आलंय.

गवराबाई : कुटनं दमून आलंय, तेवढं सांगू दे मानसाला.

गेनबा : किती डाव सांगू? खेडाकडं वाट्यानं रान बघतुया. आगोटीच्या आत, पाऊस लागायच्या आदी ठरंल. म्हाळुंग्याला भनीकडं, गोजाकडं बैलं चरायला सोडलीत, ती आनली की हेच जू लागंल. म्हनून म्हनतो, कापू नगा.

ज्योतीराम : बरं, नाही कापत. तोवर ही बुडाची फळी तर बघा. देवदार आहे. कंपनीत यंत्रं बोटीतनं येतात ना, त्या खोक्यांच्या फळ्या. शेडमागं ढीग लागतो, साहेब म्हणतो, न्या ज्याला पाहिजे त्यानं.

गवराबाई : आन ह्यो प्याला कशाचा काढलाय हिच्यावर? पोर दारुडं निघायचं, भावजी! रंधा मारा आदी त्याच्यावर.

ज्योतीराम : मीही तेच करणार होतो. मिस्त्री हसला मला. म्हणाला, अरे, ती खूण आहे. आत नाजूक माल आहे, आपटू नका, जपून उचला.

गवराबाई : आसं व्हय... मंग ऱ्हाऊ द्या. पुसू नगा. वरच्या अंगाला येऊ द्या.

गेनबा : कंपनीचं लाकूड माज्या उंबऱ्याच्या आत नगं.

ज्योतीराम : लाकडानं काय घोडं मारलंय, राव? मीही कंपनीतच जातो की. कराडकडं सुतारकी होती, ती बसली. मग आलो इकडं.

गेनबा : तुजं रान तारांच्या आत न्हाई गेलं. चावडीवर बोललोय मी, चार मानसांदेखत. त्या फाटकात ह्यो गेनबा पाय ठिवनार न्हाई.

गवराबाई : बोललासा. गावानं ऐकलं. मीबी ऐकलं. भावजी, पाळन्याला दोर लागंल ना?

ज्योतीराम : लागेल तर. काथ्या नको, पोराचे हात कापतात. वापरून मऊ झालेला असला तर बरा.

(गवराबाई आत जातात आणि दोन दोर आणून जुवावर टाकतात.)

गेनबा : ...हे कुटं गावलं तुला?

गवराबाई : उतरंडीमागं.

ज्योतीराम : वा! असाच पाहिजे. चांगला राबलेला दोर आहे, वहिनी.

गवराबाई : दोर न्हवं, भावजी. दावी हायती. हे हौश्याचं. ही गाठ दिसती न्हवं, ते पाखऱ्याचं. लई हिसका द्यायचा त्यो.

गेनबा : गोजाकडं दुसरी दावी हायती.

गवराबाई : चरायला सोडल्यालं जनावर दाव्यासकट जातं. दावं घरला माघारी कवा येतं, सांगा की भावजीस्नी.

ज्योतीराम : मला काय कळणार? आमच्या दारात बैल कधी नव्हता.

गवराबाई : इकल्यावर येतं. जनावर द्यायचं, दावं द्यायचं न्हाई. दावं ऱ्हायलं की गोठ्याची लक्षुमी ऱ्हाती म्हनत्यात.

गेनबा : कवापास्नं ठावं हाय तुला?

गवराबाई : सकाळी जात्यावर काय म्हनले मी?

दावं मुकं उतरंडीला, खुंटा बोलंना अंगनी,
धनी माजा सांगतु गं, बैलं गेली ती चरनी.

ऐकली न्हाई?

गेनबा : ऐकली. म्हनून तर तोंड न धुता भायेर पडलो.

गवराबाई : तोंडावर इचारायचं धाडस झालं न्हाई, म्हनून जात्याला सांगितलं. मंग गाडी मोडाया लावली. म्हनलं, आता तरी मानूस बोलंल. तर आल्या आल्या जुवाला कवटाळून बसलासा.

ज्योतीराम : मी उद्या येतो, वहिनी. शिफ्ट सुटली की...

गवराबाई : थांबा, भावजी. तुमच्याम्होरं होऊ द्या. अवो, बैलं गेली तर गेली. रानच न्हाई, त्यांनी खावं काय? मलाबी पोटात तुटतंय. पर लेकीचं लेकरू मला खोट्याखाली निजवायचं न्हाई. बैलं येनार आसतील तर जू उचला, मी पदराची झोळी बांधीन. येनार नसतील तर तसं सांगा.

(गेनबा जुवाच्या भोकांवरून बोट फिरवतात.)

गवराबाई : सांगा की!

गेनबा : ज्योतीराम, हिकडं ये. ही भोकं बघ जुवाची. ह्या अंगाला हौश्या, त्या अंगाला पाखऱ्या. खुट्या काढल्या की दावी बरूबर ववली जातील. जू कापू नगंस. माजघर ऱ्हाऊ दे, वसरीत टांग. तितं आक्खं मावंल.

ज्योतीराम : आख्खं टांगू?

गेनबा : आक्खं. चाकनच्या बाजारात दिली गं बैलं. गिऱ्हाईक मायाळू व्हतं. हौश्यानं वळून बघितलंबी न्हाई. मीच बघत ऱ्हायलो.

गवराबाई : बसा खाली. पानी आनते.

गेनबा : पानी ऱ्हाऊ दे.

गवराबाई : आन वाट्याचं रान?

गेनबा : कुटलं आलंय.

गवराबाई : मंग रोज उपाशी जाता ते कुटं? भाकर बांधू म्हनलं की नगं म्हनता. धा डाव इचारलं आसंल मी.

गेनबा : भाकरीचं फडकं हातात दिसलं की कुनीबी वळखतं, मानूस कामाला चाललंय.

ज्योतीराम : भाऊ...

गेनबा : गवरे, उद्याच्याला भाकर बांध. फाटकावर राखनीला लागलोय मी. खाकी डगला वाटंवरच्या सोपानरावाच्या गोठ्यात लपवून ठिवलाय. उभं ऱ्हायाचं ते... आपल्याच रानातल्या चिंचंखाली.