मिस्त्रींच्या घरची वाळूची शेळी

तुमी काय बी म्हणा, गवंड्याच्या पोरीला वाळूचं चित्र करायला सांगू नये. आमच्या चिऊला बालवाडीच्या बाईंनी नेमकं तेच सांगितलं. पुठ्ठ्यावर डिंकानं चित्र काढायचं, वर वाळू टाकायची आणि सोमवारी घेऊन यायचं.

रविवारी चिऊचे पप्पा घरीच होते. वाळू म्हणल्यावर यांच्या अंगातच आलं की! साइटवरची चाळण काढली आन् मूठभर वाळू तीनदा चाळली. "प्लास्टरला लागती तशी बारीक पायजे," म्हणाले.

चिऊनं डिंकानं शेळी काढली, वाळू भुरभुरली, पुठ्ठा झटकला. शेळी लई झ्याक उठली. मग चिऊ हाताची घडी घालून बसली. "पप्पा, आता हात लावायचा न्हाय. बाई म्हणल्या, वाळंस्तोवर नुसतं बघायचं."

मी भाकरी टाकायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर चिऊनं भोकाड पसरलेलं, शेळी ओघळून फरशीवर आलेली आणि हे तांब्या घेऊन उभे!

"अवो, काय केलंत?"

"पाणी मारलं, प्लास्टरला मारतात तसं. त्याबिगर काम पक्कं हुतंय व्हय?"

वीस वर्षं मिस्त्रीकाम केलेला माणूस! चिऊनं डोळे पुसले, दुसरी शेळी केली आणि बापालाबी शेजारी हाताची घडी घालून बसवलं. तेवढ्यात साइटच्या मालकांचा फोन आला, "मिस्त्री, भिंतीला पाणी मारू का?"

यांनी हळूच चिऊकडं बघितलं.

"थांबा मालक," म्हणाले, "विचारून सांगतो."