देवगिरीच्या गडावर आमचं मीठ

...नाय, तुमीच सांगा, सातशे वर्षांपूर्वी किल्ला पडला, त्याचा जबाब मी द्यायचा? मी, देवजीनं? नेरूळला चार खोल्या भाड्यानं देऊन गप बसलेल्या मानसानं? झालं काय, आमच्या पोरीच्या, प्रियाच्या साखरपुड्यात तिचे सासरे भगवानराव, दौलताबादकडचे, जेवायला बसले. कालवन जरासं खारट झालेलं... जरासंच ओ! तर भर पंगतीत म्हनतात कसे, "जपून वाढा बरं का! खिलजीनं वेढा घातला तेव्हा गडावर ह्यांच्या कोकणातल्याच गोण्या होत्या. धान्य म्हणून उघडल्या, आत मीठ! गेलं की हो आमचं देवगिरी!" पंगत हसली! आनि आमी आगरी, पनज्यापासून मिठागरवाले! म्हटलं थांबा, हळदीला पुस्तक आनून तोंडावर दावतो. पन तुमाला सांगतो, एक धड पुस्तक मिळंल तर शपथ!

वाशीच्या पुस्तक प्रदर्शनात गेलो. पहिल्याच्या कव्हरवर ही मोठी तोफ, आनि आत पान सत्तावीसवर छातीठोक, मीठ कोकनातलंच! स्टॉलवरची नमिता म्हनते, "काका, तेव्हा इथं तोफा नव्हत्या." मग छापली कशाला? "खपतं ना!" दुसऱ्यात राजा एकटाच बसून तीन पानं मनातल्या मनात बोलतो. मनातल्या मनात! मग ऐकलं कुनी, गोनीनं? तिसऱ्यात खिलजीचं सैन्य पान बाराला आठ हजार, पान चाळीसला तीस हजार... मधे काय भरती निघालेली? एक धड पुस्तक नाय!

नमिता म्हनते, "काका, पुस्तक मागून उघडा. संदर्भांची यादी नसेल तर खाली ठेवा." झालं! पापलेटाचे कल्ले बघावे तशी शेवटची पानं बघत सुटलो. सगळा माल शिळा! शेवटी एक मिळालं, यादीच बावीस पानं, चित्र एक नाय. आठवडाभर डोळे फोडले, तर लिहिलंय काय? मिठाची गोष्ट तीनशे वर्षांनी कुनीतरी लिहिली, त्या काळचा पुरावा नाय, "खरी असेल, नसेलही." असेल, नसेलही! आठशे पानं लिहून? पन म्हटलं, पुरावा नाय म्हंजे आमी सुटलो!

नाचत आयकडं गेलो. आमची आय गोजरा, मिठागरात टाचा फुटलेली बाई. म्हनते, "म्हंजी आपला मीठ तिथं गेलाच नाय?"

"नाय गं आय, सुटलो!"

"मेल्या! मी सगळ्या आळीला सांगितलंय, आपल्या मिठानं राजा पाडला! मिठागरांवर टावर झालं, आपला नाव कुठं रायलाय? येक गोष्ट होती, ती पन तू पुसून आलास?"

डोळ्यांत पानी ओ तिच्या! गेलो परत वाशीला. म्हटलं, ते तोफेचं द्या.

नमिता ओरडली, "काका, सगळं चुकीचं आहे त्यात!"

म्हटलं, ठाऊक हाय गं बाय. पन त्यात मीठ आमचं हाय.